शिफारसपत्र कोणाकडे मागावे?

(भंडारा येथे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातील एखाद्या घरातून प्रथमच महाविद्यालयापर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यास शिफारसपत्र हवे असले, की तो बहुधा मोठ्या पदावरील व्यक्तीचे दार गाठतो. तेथे ठशाच्या कागदावर चार ओळी मिळतात : अर्जदार होतकरू व सुस्वभावी आहे. वाचणाऱ्यास त्यातून काय कळावे? वशिला आणि शिफारस यांत आपल्याकडे फार गल्लत होते.

1954 साली ज्यांनी याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे पाहा. मुंबईच्या चर्नी रोड बागेत वाचत बसणारा हा मुलगा शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या नजरेत भरला होता. 1907 मध्ये तो मॅट्रिक झाला, तेव्हा त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण अडले, तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी भीमरावांना स्वतः प्रश्न विचारले आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. केळुसकरांपाशी अधिकारपद नव्हते. पण मुलाला त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. 1916 मध्ये लंडनला जाताना कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक सेलिग्मन यांचे सिडने वेब यांच्या नावे पत्र होते, तेही शिकविणाऱ्याचेच.

तेव्हा विद्यार्थ्यांना सांगावे, की ज्याने तुमचे काम पाहिले त्याच्याकडे जा. पत्र मागणे म्हणजे लाचारी नव्हे, हेही सांगावे. आपल्या मुलांना हा संकोच फार असतो. अंतिम तारखेच्या आदल्या दिवशी मात्र जाऊ नये. तीन-चार आठवडे आधी भेटावे, गुणपत्रिका, केलेल्या कामाचे टिपण आणि पत्र कशासाठी हवे त्याची माहिती सोबत द्यावी. 'आपणांस माझ्याविषयी समाधानकारक लिहिता येईल का?' असे सरळ विचारावे, म्हणजे नकार देणाऱ्यासही वाट राहते. परदेशी विद्यापीठे पुष्कळदा शिक्षकाकडूनच परस्पर पत्र मागवितात. अशा वेळी मुख्याध्यापकांचा चालू पत्ता आधी विचारून घ्यावा.

आता आपल्याविषयी. विद्यार्थ्यानेच लिहून आणलेल्या मजकुरावर न वाचता सही करण्याची पद्धत सोडावी. सरपंचांनी गुणांविषयी लिहू नये. पण एखाद्या मुलीने गावच्या वाचनालयाची नोंदवही दोन वर्षे सांभाळली असेल, तर ते त्यांच्याइतके कोण सांगू शकेल? आणि ओळख नसेल तर मृदुपणे नाही म्हणावे, योग्य शिक्षकाचे नाव सुचवावे. शाळेत एक साधी वही ठेवून प्रत्येक मुलाविषयी वर्षाकाठी दोन ओळी टिपल्या, तर सहा वर्षांनी तो पत्र मागण्यास येईल तेव्हा आठवण्याचा खटाटोप उरणार नाही.