दुवा सोडवावा, नोंद जपावी

(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभात जनुकीय तपासणी विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



डीएनए वाचण्याची उपयुक्त पद्धत फ्रेडरिक सँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केली. मानवी जनुकसंच प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि तो पूर्ण झाल्याची घोषणा २००३ मध्ये झाली. ज्या कामाला तेव्हा तेरा वर्षे लागली, ते आज एका माणसापुरते काही दिवसांत होते. या प्रगतीचे कौतुक आपण नेहमी यंत्रापाशी उभे राहून करतो आणि ते योग्यही आहे. परंतु यंत्रातून बाहेर पडलेली अक्षरे नेमक्या कोणत्या माणसाची, हे यंत्र सांगत नाही. ते नोंदी सांगतात. आज मी त्या नोंदींविषयी, आणि विशेषतः चुकीच्या जोडल्या गेलेल्या दोन नोंदी एकमेकींपासून सोडवण्याच्या कामाविषयी बोलणार आहे. हे काम कोणाच्या नजरेस पडत नाही. मात्र एखाद्या कुटुंबाचा पुढचा निर्णय त्यावर अवलंबून असू शकतो.

प्रथम ही साखळी समजून घेऊ. रुग्णाच्या रक्तातून डीएनए काढला जातो, ती पहिली नोंद, म्हणजे नमुना. त्या डीएनएचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्याला ओळखीची एक छोटी अक्षरमाळ जोडतात. अशा तयार मिश्रणाला ‘लायब्ररी’ म्हणतात, ती दुसरी नोंद. अनेक रुग्णांच्या लायब्रऱ्या एकत्र करून यंत्रात एकाच वेळी वाचल्या जातात, त्या वाचनाला ‘रन’ म्हणतात, ती तिसरी. वाचून झाल्यावर संगणक ती ओळखीची अक्षरमाळ पाहून प्रत्येकाची अक्षरे वेगळी करतो आणि फाइलींचा एक संच तयार करतो, ती चौथी नोंद. या नोंदींना बांधणारा जो धागा, त्याला संगणकाच्या भाषेत ‘लिंक’ म्हणतात. आपण त्याला दुवा म्हणू. हा दुवा मुळात एका तक्त्यातून जन्माला येतो. कोणत्या अक्षरमाळेचा मालक कोणता नमुना, हे तंत्रज्ञ त्या तक्त्यात लिहितो. तक्त्यातल्या दोन ओळी खालीवर झाल्या, तर यंत्र बिनचूक चालूनही दोन माणसांची अक्षरे अदलाबदल होतात.

आज अनेक प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या इलुमिना कंपनीच्या ‘बेसस्पेस सिक्वेन्स हब’ या प्रणालीचे उदाहरण घेऊ. एखाद्या नमुन्याचे वाचन पुरेसे झाले नाही, तर तो पुन्हा वाचावा लागतो. दोन वेळच्या वाचनांची बेरीज व्हावी म्हणून ही प्रणाली एकाच नावाच्या नमुन्याखाली आलेले फाइलींचे संच त्या एकाच नोंदीला जोडते. सोय अत्यंत उपयोगाची आहे. पण तिच्या पोटात एक अट आहे, ती म्हणजे एका नावाने एकच माणूस ओळखला गेला पाहिजे. आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत एकाच नावाच्या दोन भगिनी उभ्या राहणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. तिथे कर्मचारी विचारतो, ‘बाई, गाव कोणते? वय किती?’ संगणक विचारत नाही. नमुन्याला ‘आई’ किंवा ‘नमुना १’ असे नाव दिले आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुटुंबासाठी तेच नाव पुन्हा वापरले, तर दोन अनोळखी स्त्रियांची अक्षरे एका नोंदीखाली नांदू लागतात.

याचा परिणाम काय होतो, हे एका कल्पित पण पूर्णपणे संभवनीय उदाहरणाने सांगतो. समजा, एका मुलाला ड्यूशेन स्नायुक्षय आहे आणि त्याच्या जनुकात एका अक्षराचा दोष सापडला आहे. हा दोष आईकडून आला आहे का, हे पाहण्यासाठी आईचा नमुना वाचला जातो. आई वाहक असेल, तर पुढे होणाऱ्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता ५० टक्के असते. ती वाहक नसेल, तर धोका पूर्णपणे संपत नाही, पण पुष्कळ कमी होतो. वाहक स्त्रीच्या सुमारे निम्म्या वाचनांत तो दोष दिसायला हवा. आता तिच्या नोंदीला दुसऱ्या स्त्रीचे तेवढेच वाचन चुकून जोडले गेले, तर तोच दोष पाव वाचनांत दिसेल आणि शंकास्पद म्हणून गाळला जाण्याची भीती निर्माण होईल. सगळेच वाचन दुसऱ्या स्त्रीचे असेल, तर तो दिसणारच नाही. ‘आई वाहक नाही’ असा अहवाल निघेल, आणि ते कुटुंब निर्धास्तपणे पुढच्या बाळाचा विचार करील.

ही चूक पकडण्याचे मार्ग आहेत. नमुना स्त्रीचा की पुरुषाचा, हे अक्षरांवरूनच कळते, पण दोन्ही स्त्रियाच असतील तर ही पडताळणी निरुपयोगी ठरते. एका नमुन्यात दुसऱ्याची भेसळ आहे का, याचा अंदाज घेता येतो. सर्वांत भरवशाची कसोटी नात्याची आहे. मूल आपला निम्मा वारसा आईकडून आणि निम्मा वडिलांकडून घेते, त्यामुळे आईची आणि मुलाची अक्षरे ठरावीक रीतीने जुळलीच पाहिजेत. ती जुळली नाहीत, तर प्रयोगशाळेने आधी संशय घ्यावा तो आपल्या दुव्यावर. कुटुंबावर संशय घेण्याची वेळ त्यानंतरची. वडिलांच्या बाबतीत हा क्रम उलटला, तर तांत्रिक चुकीपायी एखादे घर मोडू शकते, हे वेगळे सांगायला नको.

दुवा चुकीचा आहे हे सिद्ध झाले, की तो सोडवायचा. इथे एक भेद मनात पक्का असावा लागतो. नोंद पुसणे वेगळे आणि दुवा सोडवणे वेगळे. नोंद पुसली तर दुसऱ्या स्त्रीचे निर्दोष वाचनही नाहीसे होते. त्याहून वाईट म्हणजे चूक झाली होती याचा पुरावाही नाहीसा होतो. दुवा सोडवला तर नमुना जागेवर राहतो, वाचन जागेवर राहते, फक्त त्यांच्यातले खोटे नाते संपते. आपल्याकडे सातबाऱ्यावरचे नाव कमी होते तेव्हा तलाठी ते खोडून टाकत नाही. ते कंसात जाते आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. कोणाचे नाव कशामुळे गेले, हे गाव नमुना सहामध्ये पुढची पिढीही वाचू शकते. हिशेबाच्या वहीतही खाडाखोड चालत नाही, उलट नोंद करावी लागते. विश्वस्त मंडळींना हा नियम माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. जनुकीय नोंदींनाही तोच लागू करावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे काम पुष्कळदा कमांड लाइनवरून करतात. म्हणजे पडद्यावरचे चित्र न दाबता संगणकाला लेखी आज्ञा देतात. बेसस्पेसलाही असे साधन आहे. लेखी आज्ञेचा गुण असा, की ती जपून ठेवता येते, दुसऱ्याला दाखवता येते, आणि वर्षानंतरही ‘त्या दिवशी नेमके काय केले’ याचे उत्तर तिच्यात सापडते. माउसच्या टिचकीला अशी स्मृती नसते. दोषही तितकाच मोठा आहे. एका ओळीत दोनशे नोंदींवर तीच आज्ञा चालवता येते. यादीत एक क्रमांक चुकीचा असला, तर जो दुवा खरा होता तोच तुटतो, आणि संगणक तक्रार करीत नाही.

म्हणून या कामाची काही शिस्त आहे. आज्ञा देण्यापूर्वी त्या नमुन्याला काय काय जोडलेले आहे याची यादी काढून ती साठवावी. नोंद नावाने न ओळखता प्रणालीने दिलेल्या एकमेव क्रमांकाने ओळखावी, कारण नावामुळेच घोटाळा झालेला असतो. कारण, तारीख आणि आज्ञा लिहून दुसऱ्या जाणत्या व्यक्तीला वाचायला द्यावी. शस्त्रक्रियागृहात टाके घालण्यापूर्वी दोघे मिळून गॉज मोजतात, तसेच हे आहे. मग एकाच नोंदीवर आज्ञा चालवावी, पुन्हा यादी काढावी आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एकच दुवा कमी झालेला दिसला, तरच पुढे जावे.

इथे काम संपले असे वाटते, पण ते संपत नाही. दुवा सोडवल्याने आधीच तयार झालेले निष्कर्ष आपोआप सुधारत नाहीत. वाचनांची जुळणी केलेल्या फाइलीच्या शीर्षभागात नमुन्याचे नाव लिहिलेले असते, आणि सापडलेल्या बदलांच्या फाइलीत ते स्तंभाच्या मथळ्यावर असते. प्रणालीतले नाते तुटले, तरी फाइलीच्या पोटातले जुने नाव तसेच राहते. त्यामुळे योग्य वाचन घेऊन पुढचे सारे विश्लेषण पुन्हा करावे लागते. जुना अहवाल रद्द केल्याचे लेखी कळवून नवा द्यावा लागतो, आणि तो हाती देताना कुटुंबाला समोर बसवून सांगावे लागते. हे शेवटचे काम कोणत्याही आज्ञेने होत नाही.

आणखी एका दुव्याचा उल्लेख करतो. तो बरोबर असूनही काही वेळा सोडवावा लागतो. हा दुवा रुग्णाचे नाव आणि त्याची जनुकीय माहिती यांच्यातला. संशोधनासाठी दिलेली संमती मागे घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. परंतु नाव काढले म्हणजे ओळख पुसली, असे समजू नये. २०१३ साली अमेरिकेतील संशोधकांनी जनुकीय माहिती आणि सार्वजनिक वंशावळी यांच्या आधारे निनावी नमुन्यांमागच्या जवळपास ५० व्यक्ती ओळखून दाखवल्या. अक्षरे स्वतःच माणसाची खूण आहेत. दुसरी बाजूही आहे. नाव आणि नमुना यांच्यातला दुवा कायमचा तोडला, तर आज अर्थ न लागलेल्या एखाद्या बदलाचा अर्थ पाच वर्षांनी लागल्यावर त्या कुटुंबाला बोलावण्याची वाटही बंद होते. म्हणून हा निर्णय संगणकापाशी बसलेल्या माणसाचा नसावा. तो रुग्णाने, दोन्ही बाजू समजून घेऊन, करावा.

देणगीदारांना माझी एक विनंती आहे. यंत्रासाठी दिलेल्या रकमेची पाटी भिंतीवर लागते, नोंदी तपासणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या पगाराची लागत नाही. तरीही त्या माणसासाठी द्या. विश्वस्तांना विनंती अशी, की आमच्याकडून दरवर्षी अहवालांच्या संख्येबरोबर सोडवलेल्या दुव्यांची नोंदवहीही मागावी. ती कोरी असेल तर समाधान मानण्याआधी, तपासणी झाली होती का, हे विचारावे.

आणि रुग्णांच्या कुटुंबीयांनो, नळीवर चिकटवलेला क्रमांक आणि केसपेपरवरचा क्रमांक एकच आहे ना, हे आपण स्वतः पाहा. अहवाल हाती आल्यावर तो कोणत्या क्रमांकाच्या नमुन्याचा, हे निःसंकोच विचारा. असा प्रश्न विचारण्यात अविश्वास नाही. आपल्या रक्ताचे आपल्या नावाशी असलेले नाते शाबूत राहावे, ही जबाबदारी आमची आहे, आणि त्या कामी आपली नजर आम्हाला हवी आहे.