पासिंगला मालकानं जावं
(वांगणी येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘वाहननोंदणीचे नूतनीकरण’. आपण त्याला पासिंग म्हणतो, मीही तेच म्हणणार. मला काय सांगायचंय ते आधीच सांगतो: पासिंगला गाडीबरोबर मालकानं स्वतः जावं. गाडी पाठवून देऊ नये.

नियम तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून भरभर जातो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत नमुना २५चा अर्ज करता येतो. विमा, पीयूसी, पर्यावरण कर, थकलेली चलनं आधी मिटवायची. कारची फी १ एप्रिल २०२२ पासून ६००वरून ५,००० झाली, उशीर केला तर महिन्याला ५०० वर. वीस वर्षांपुढच्या कारला ऑगस्ट २०२५च्या बदलानं १०,०००. आणि पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हे दिल्लीकडचं. आपली एमएच-०५ची गाडी तपासणीत उतरली तर चालते.

(मागून आवाज: एजंटला दिली की घरबसल्या उतरते! हशा.)

हसा, पण २०१९ साली मीही तेच केलं होतं. माझी मारुती ८०० जून २००४ची. पंधरा वर्षं भरली तेव्हा चावी दुसऱ्याच्या हातात दिली, संध्याकाळी गाडी आणि कागद परत आले. गाडीचं काय पाहिलं, काय नाही, मला काही कळलं नाही. मी विचारलंही नाही.

सगळे एजंट वाईट असं मी म्हणत नाही, कृपा करून तसा अर्थ काढू नका. ज्यांना ऑनलाइन अर्ज जमत नाही त्यांनी जरूर मदत घ्यावी. अर्ज कुणीही भरो, गाडीशेजारी मात्र आपण उभं राहावं.

आता वांगणीची गोष्ट. आपल्या गावात दृष्टिहीन कुटुंबं किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. १७ एप्रिल २०२१ला आपल्याच स्टेशनवर अंध आईचं मूल रुळांवर पडलं आणि पॉइंट्समन मयूर शेळके गाडीसमोर धावले, तेव्हा सगळ्या देशानं वांगणीचं नाव ऐकलं. रोजची वांगणी मात्र रस्त्यावर असते, पांढऱ्या काठीनं रस्ता चाचपत जाणारी.

आमच्या गल्लीत असेच एक गृहस्थ राहतात, लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकतात. २०२४च्या एप्रिलमध्ये मी गाडी वळवत होतो. ते कडेला थांबले आणि म्हणाले, “सर, तुमच्या गाडीचं पुढचं उजवं चाक रडतंय. महिनाभर ऐकतोय.” मी म्हटलं, धूळ असेल. ते म्हणाले, “धुळीचा आवाज असा नसतो. आधी फक्त थांबताना यायचा, आता आधीपासूनच येतो.” मी काचा लावून, रेडिओ लावून गाडी चालवणारा माणूस. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. गॅरेजमध्ये चाक काढलं तर ब्रेक पॅड झिजून पत्रा डिस्कवर घासत होता. मेकॅनिकनं पॅड माझ्या तळहातावर ठेवला, नखाएवढीसुद्धा जाडी उरली नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या माणसाला माझी गाडी दिसत नाही, तो महिनाभर तिच्यावर कान ठेवून रस्ता ओलांडत होता. काचेआडून मी त्याला पाहीन, वेळेत ब्रेक दाबीन आणि ब्रेक लागेल, या तीन भरवशांवर तो पाऊल टाकतो. तपासणी त्याच्यासाठी असते, मंडळी! त्याला चाक काढून पाहता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं निरीक्षक पाहतो. रिक्षा-टेम्पोला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस. खासगी कारचं चाक मात्र पंधरा वर्षं कुणी सरकारी माणूस पाहत नाही. ब्रिटनमध्ये १९६०ला तपासणी सुरू झाली ती दहा वर्षांपुढच्या गाड्यांची. १९६७पर्यंत ती तीन वर्षांवर आणली. जपानात नव्या गाडीची तिसऱ्या वर्षी, मग दर दोन वर्षांनी.

त्याच वर्षी जूनमध्ये पासिंगला मी स्वतः गेलो. दिवे, हॉर्न, वायपर, टायरची नक्षी, सीटबेल्ट पाहून झाले आणि गाडी अडली चॅसी नंबरवर. तो पेन्सिलनं कागदावर उमटवून घेतात. २६ जुलै २००५ला उल्हास नदीचं पाणी गाडीत शिरलं होतं, तेव्हापासूनचा गंज त्या आकड्यांवर साचला होता. मी पॉलिश पेपर काढला, निरीक्षकांनी हात धरला. घासलं की आकडा बुजतो आणि गाडीबद्दल संशय येतो, म्हणाले. रॉकेलचं फडकं लावून अर्धा तास बसलो, एकेक आकडा वर आला. २०१९ला घरी बसलो नसतो तर हे पाच वर्षं आधी कळलं असतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, कर्जत लोकलची वेळ झाली. पीयूसीवर बोलायचं राहिलं. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षाची, जुन्यांना सहा महिन्यांची, एवढं लक्षात ठेवा. गाडी बाहेर चिंचेखाली उभी आहे. आपला चॅसी नंबर कुठे शोधायचा हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी थांबा. बॉनेट उघडून दाखवतो, टॉर्च आणलाय.