‘धर्मात्मा’ आणि काळाराम मंदिराचे दार

१९३५ साली प्रभातने ‘धर्मात्मा’ काढला. दिग्दर्शक शांताराम, एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. मूळचे ‘महात्मा’ हे नाव गांधीजींची आठवण करून देणारे, म्हणून सेन्सॉरला खपले नाही! अस्पृश्याघरी जेवणारा संत आणि त्याच्यावर उठलेले धर्ममार्तंड, हा त्याचा विषय. चित्रपट प्रामाणिक आहे. परंतु त्याचा नायक जेवायला जाणारा ब्राह्मण आहे. जेवू घालणाऱ्याच्या मनातील श्रद्धेचे काय झाले, हे तो विचारीत नाही.

नाशिकने ते विचारले होते. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे नेटाने चालविला. दार उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवल्यास, हिंदू म्हणून मरणार नाही, असे डॉ. आंबेडकरांनी जाहीर केले.