रित्या रानाचा जमाखर्च



जालना जिल्ह्यांतील मे महिन्याची दुपार आपण डोळ्यांसमोर आणावी. कपाशीचें रान नांगरून पडलेलें, ढेकळें तापलेलीं, हिरवें पान औषधालाहि नाहीं. अशा रानांत मनोरा उभारून त्यावर दोन यंत्रें बसविलीं आणि त्यांचे आकडे जसेच्या तसे वाचले, तर ते सांगतील कीं ही उजाड जमीन हवेंतील कर्बाम्ल वायु शोषून घेत आहे! जमिनीवरून हवेंत जाणारी उष्णता चौरस मीटरला ३०० वॅट धरली, तर हें खोटें शोषण एकरीं तासाला सुमारें ९ किलो भरतें. वाढत्या पिकाशीं तुलना करावी इतका हा आकडा मोठा आहे.

ही चूक होते कशी? रानावरची हवा नुसती वाहत नाहीं. लहानमोठ्या भोंवऱ्यांनीं ती सतत वरखालीं होत असते. पहिलें यंत्र ध्वनीच्या साहाय्यानें ही वरखालची गति सेकंदाला १० ते २० वेळां टिपतें. दुसरें अवरक्त किरणांनीं बाष्प व कर्बाम्ल मोजतें. वर जाणाऱ्या हवेनें काय नेलें आणि उतरणाऱ्या हवेनें काय आणलें, यांची अर्ध्या तासाची वजाबाकी म्हणजे रानाचा जमाखर्च.

परंतु दुसरें यंत्र मोजतें तें घनमीटरच्या मापानें. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर लाह्या यांचें माप एकच, पण दाणे सारखे नाहींत. तापून वर चढणारी हवा लाह्यांसारखी फुगलेली असते. उतरणारी थंड हवा दाट. त्यामुळें यंत्राला वाटतें कीं खालीं जास्त आलें, वर कमी गेलें, मधला वायु जमिनीनें गिळला.

वेब, पिअरमन व ल्यूनिंग यांनीं १९८० सालीं याचा उलगडा केला. कोरडी हवा जमिनींतून उगवत नाहीं किंवा तींत मुरत नाहीं. जितकी वर गेली तितकी खालीं आलीच पाहिजे. गरम हवा विरळ, म्हणून हा मेळ बसण्यासाठीं हवेला सरासरीनें किंचित् वरची गति असावी लागते. आमच्या उदाहरणांत ती सेकंदाला एक मिलिमीटरहि भरत नाहीं! एवढी गति यंत्राला सांपडत नाहीं. ती उष्णता व बाष्प यांच्या प्रवाहांवरून गणितानेंच काढावी लागते. अर्थात् ते प्रवाह आधीं शुद्ध हवेत. मनोरा अंशभर कलला असला तरी आडवा वारा उभ्या वाऱ्यांत मिसळतो. आणि ध्वनीवरून काढलेल्या तपमानांत हवेच्या ओलाव्याचाहि अंश शिरतो.

एवढें करूनहि सूर्याकडून मिळालेल्या उष्णतेचा हिशेब पुष्कळदां १० ते ३० टक्क्यांनीं तुटीचा राहतो. कांहीं जण ती तूट इतर आंकड्यांत वांटून टाकतात. माझ्या मतें ती उघड दाखविलेली बरी.

२०१२-१३ च्या दुष्काळांत ज्या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा वाळल्या, तेथें बागेंतून किती पाणी उडतें हा केवळ विद्वानांचा प्रश्न नव्हे. शिवाय जमिनींत कर्ब राखल्याबद्दल शेतकऱ्यास मोबदला देण्याच्या योजनाहि आतां निघाल्या आहेत. असे आकडे कोणी पुढें ठेवले, तर त्याच यंत्रानें नांगरलेल्या रित्या रानावर दुपारीं काय दाखविलें, तें आधीं विचारावें. दुरुस्तीनंतर तेथें शून्याच्या आसपास, किंवा मातींतील जीवांच्या श्वासापुरता वरचा प्रवाह, एवढेंच दिसावयास हवें.