तयार शेड घ्यावं की पाया खणावा?

स्वागताध्यक्ष, दिंद्रुडची गावकरी मंडळी, आणि तेलगाव, सिरसाळा, माजलगाव, वडवणी, धारूरकडून आलेले लेथवाले, वेल्डर, फिटर आणि मोटारी भरणारे बांधवहो,

अध्यक्षाने धंद्याच्या भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. तो आज बाजूला ठेवतो. सकाळपासून चहाच्या घोळक्यात एकच विषय कानावर येतोय. दुसरं दुकान टाकायचं तर जागा घेऊन नवं बांधावं, की कुणाचं तरी वर्कशॉप यंत्रांसकट विकत घ्यावं? मग त्यावरच बोलू.

जमशेदजी टाटांनी दोन्ही करून पाहिलं. 1869 मध्ये त्यांनी चिंचपोकळीची बुडालेली तेलगिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकून टाकली. पुढे नागपुरात जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत भराव घालून नवी गिरणी उभी केली. ती 1 जानेवारी 1877 ला सुरू झालेली एम्प्रेस मिल. जमिनीत पैसा पुरणाऱ्याला कर्ज देणार नाही, असं तिथल्या एका सावकाराने म्हटल्याचं सांगतात. मग 1886 मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि तिचं नाव स्वदेशी ठेवलं. यंत्रं जुनी, माल धड निघेना. शेवटी नागपूरची तयार माणसं कुर्ल्याला आणावी लागली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना तर निवडीला वावच नव्हता. बेळगावची जागा नगरपालिकेला हवी झाली, कारखाना हलवणं भाग पडलं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ 32 एकर माळ आणि 10,000 रुपये बिनव्याजी दिले. निवडुंग तोडत, साप मारत 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आपण त्यातला माळ आणि निवडुंग लक्षात ठेवतो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे अशी कामाची माणसं त्यांच्या सोबत होती. माळावर कारखाना उभा राहिला तो त्यांच्या जोरावर.

आता आपल्या मातीकडे येतो. आपल्याकडची रेगड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. पत्र्याचं शेड ते सहन करतं, लेथ करत नाही. बेड केसभर पिळला तरी जॉब निमुळता निघतो आणि आपण दोष कारागिराला देतो. म्हणून नवं बांधणाऱ्याने मुरूम लागेपर्यंत खणावं, आणि यंत्राचा पाया भिंतीच्या पायापासून सुटा ठेवावा. या खर्चात हात आखडू नका, रंग आणि फाटक मागाहून करता येतं. आणि तयार शेड बघायला जाल तर वैशाखात जा. श्रावणात सगळ्या भेगा बुजलेल्या असतात. विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

जुना लेथ घेताना नव्या रंगाला भुलू नका. बहुतेक काम चकाजवळ होतं, म्हणून बेड तिथेच झिजतो. कॅरेज चकाजवळ आणा, गिबचे स्क्रू आवळून खेळ काढा आणि मग हाताने टेलस्टॉककडे न्या. मधेच घट्ट होऊन अडकलं तर झीज किती ते कळलं. टेलस्टॉककडचा बेड अजून मूळ जाडीचा असतो. या तपासणीला पाच मिनिटं लागतात, आणि किमतीची बोलणी त्यानंतर वेगळ्याच सुरात होतात.

कागदांचं थोडक्यात सांगतो. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा आहे का ते आधी बघा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. यंत्रं बँकेकडे तारण असतील तर बँकेचं नाहरकत पत्र हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. आणि विजेचं बिल! जुन्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडून मागण्याचे वीजपुरवठ्याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये वैध ठरवले आहेत. ‘ते त्याचं तो बघेल’ या तोंडी आश्वासनावर मीटर जोडून मिळत नाही.

नवं बांधण्यात सगळ्यात महाग असतो तो वेळ. जागेच्या परवानग्या काढा, थ्री फेजचा भार मंजूर करून घ्या, रोहित्राची वाट बघा. तेवढ्यात भाद्रपद येतो. गाळप हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्या आणि टायरगाड्या दुरुस्तीला रांग लावतात, वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांत होते. ते हुकले की गिऱ्हाईक दुसऱ्या दारात जातं, आणि तिथे उधारी मिळाली की परत येत नाही. चालू दुकान घेण्याचा खरा फायदा हा. ते गिऱ्हाइकासकट मिळतं.

पण मिळतं का? आपल्याकडचं गिऱ्हाईक दुकानाच्या पाटीला ओळखत नाही. रोटाव्हेटरचा शाफ्ट कोणाकडून घासून घ्यायचा, हे त्याला नावानिशी ठाऊक असतं. तो कारागीर सौदा झाल्यावर महिनाभरात रस्त्यापलीकडे स्वतःचं वेल्डिंग मशीन मांडून बसला, तर तुम्ही विकत घेतलं ते पत्र्याचं छप्पर आणि झिजलेला बेड.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे दोन-तीन भरवशाचे कारागीर आहेत, त्याने बेलाशक नवं बांधावं, कर्ज काढावं लागलं तरी. ज्याच्याकडे ते नाहीत, त्याने चालू दुकान घ्यावं, पण तिथले कारागीर थांबणार असतील तरच. किंमत ठरवण्याआधी मालकाला बाहेर चहाला पाठवा आणि लेथवर उभ्या असलेल्या माणसाशी बोला. पगार किती, आगाऊ उचल किती, मालक का विकतोय, तिन्ही प्रश्नांची उत्तरं तोच खरी देईल. उचल थकलेली असेल तर ती सौद्यात धरा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात तुमच्या गळ्यात येईल.

याला धरून एक सूचना या मेळाव्यापुढे ठेवतो. विक्रीच्या करारात अशी अट असावी की जुना मालक एक गाळप हंगाम दुकानात बसेल, गिऱ्हाइकांची ओळख करून देईल, आणि किमतीतला काही हिस्सा हंगाम संपल्यावरच त्याच्या हाती पडेल. असा नमुना करार वकिलाकडून एकदा तयार करून घेतला तर सगळ्यांच्या उपयोगी पडेल. हिस्सा किती ठेवायचा यावर मतं वेगळी असणार. विकायच्या विचारात असलेलेही इथे बसलेत, त्यांनीही बोलावं. जेवणं झाली की त्याच चर्चेला बसू.