नवाचा ताळा



धानाचा हंगाम ऐन भरात असताना गोंदियातील एखाद्या राईस मिलच्या गादीवर, रात्री दिव्याखाली रोकड आणि खतावणी शेजारी शेजारी मांडून बसलेला मुनीम ज्याने पाहिला असेल, त्याला तर्कशास्त्राचा एक उत्तम पाठ विनामूल्य लाभला असेल. समजा, दोन वह्यांच्या तेरजांत ६३ रुपयांची तफावत पडली. नवखा कारकून पहिल्या पानापासून नोंदींची रुजुवात घेऊ लागतो. मुरलेले मुनीमजी मात्र आधी ६३ ला नवाने भागतात. भाग निःशेष गेला की त्यांचा संशय अंकांच्या अदलाबदलीकडे वळतो. कारण एकक आणि दशक यांनी जागा बदलल्या, तर पडणारे अंतर त्या दोन अंकांमधील फरकाच्या नेमके नऊपट असते. येथे भागाकार सात. तेव्हा उलटापालट झालीच असेल, तर ती ७० व ०७, ८१ व १८, किंवा ९२ व २९ यांपैकी एखाद्या जोडीची. शेकडो नोंदींतून नजर एवढेच शोधत जाते, आणि कोठेतरी ४१८१ च्या जागी ४११८ सापडते.

नवाने भाग गेला म्हणून अदलाबदल सिद्ध होत नाही, ६३ रुपयांची एखादी नोंदच गळालेली असू शकेल; परंतु भाग गेला नाही, तर चूक केवळ एका अदलाबदलीची नव्हे, हे निर्विवाद ठरते. हा नकारच मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्याला अपवाद नाही.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४६ साली शोधलेल्या ६१७४ या विलक्षण संख्येच्या मुळाशीही हाच नऊ आहे. भंडाऱ्यातून आपला गोंदिया जिल्हा वेगळा झाला ते वर्ष घ्या, १९९९. त्याचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा केली, की ७९९२ उरतात. पुन्हा तसेच करीत गेल्यास ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि सहाव्या खेपेस ६१७४. पुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४ च. वाटेतील प्रत्येक संख्येला नवाने भाग जातो, कारण प्रत्येक वजाबाकीत अंक तेच आहेत, फक्त त्यांच्या जागा बदललेल्या आहेत.

तीन अंकी संख्या घेतलीत, आणि तिचे सारे अंक एकसारखे नसले, तर पहिल्याच वजाबाकीत मधला अंक नऊ येतो: तो अंक वरही तोच, खालीही तोच, आणि एककाला उसना दिल्यामुळे वरचा एकाने उणा.