बंद पडू पाहणारी चकती आणि ग्रंथालयाची स्मृती



उज्जयिनीला पोथ्यांची काळजी नवी नाही. शिंदे संस्थानच्या आश्रयाने १९३१ साली येथे सुरू झालेल्या प्राच्यविद्या संस्थेपाशी हजारो हस्तलिखिते आहेत, आणि वाळवी, कसर व दमट हवा हे पोथीचे शत्रू कोणाही जुन्या ग्रंथपालास तोंडपाठ असतात. वाळवी निदान माती सोडून जाते. पान पोखरले गेले तरी उरलेली अक्षरे लावता येतात. परंतु माधव नगरातील एखाद्या वाचनालयाने आपल्या दुर्मिळ ग्रंथांची पाने छायांकित करून संगणकाच्या हार्ड डिस्कवर साठविली, तर त्या संग्रहाचा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. मूळ ग्रंथ मध्यंतरी जीर्ण होऊन गेला असेल, तर ती डिस्क हीच त्या ग्रंथाची अखेरची प्रत ठरते.

हार्ड डिस्क ही ग्रामोफोनच्या तबकडीची दूरची नात म्हणावी लागेल. आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली आणलेल्या पहिल्या यंत्रात ५० चकत्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. अलीकडच्या डिस्कमधील चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात, आणि त्यांच्यावर वाचणारे शीर्ष अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकूनच गाते. येथे शीर्ष टेकले की लिहिलेले खरवडले गेलेच.

बिघाडाचे निदान आधी कानाने करावे. ठरावीक अंतराने येणारा ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज म्हणजे शीर्षाला आपला मार्ग सापडत नसल्याची खूण. अशा वेळी वीज ताबडतोब तोडावी. चकती फिरतच नसेल, तर दोष वीजपुरवठ्यात, केबलीत किंवा बाहेरच्या विद्युत्‌पट्टीत असू शकतो. म्हणून दुसरी केबल लावून पाहण्याचा बिनखर्ची उपाय प्रथम करावा. आवाज काही नाही, परंतु एखादी फाइल उघडायला फार वेळ लागतो, नक्कल मध्येच थबकते, असे होऊ लागले की चकतीवरील काही सेक्टर वाचेनासे झाले आहेत, असे समजावे.

डिस्क स्वतःची रोजनिशीही ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. तीत दोन आकडे विशेष पाहावेत : किती सेक्टर निकामी ठरवून त्यांच्या जागी राखीव सेक्टर घेतले, आणि किती सेक्टर न वाचता आल्याने निर्णयाची वाट पाहत पडले आहेत. दुसरा आकडा वाढू लागला की त्याच दिवशी नक्कल काढावी. मात्र आकडे शून्य आहेत म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्के डिस्कांच्या रोजनिशीत चार प्रमुख लक्षणांपैकी एकाचीही नोंद नव्हती. उष्णतेने डिस्क मरते, या सर्वमान्य समजुतीलाही त्या अभ्यासाने पुष्कळसा धक्का दिला. अर्थात तेथील खोल्यांचे तापमान नियंत्रित होते. माळव्यातल्या वैशाखात पत्र्याखाली ठेवलेल्या संगणकाला ती सवलत लागू करणे धाडसाचे होईल.

निदान झाल्यावर हात आवरणे, हेच अवघड असते. दुखऱ्या डिस्कवर दुरुस्तीची आज्ञा चालविणे घातक, कारण ती आज्ञा त्याच चकतीवर नवे लिहिते आणि शीर्षाला उगाच धावडविते. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा तोडगा अनेकांनी ऐकला असेल. त्याने आत दव धरते. झाकण उघडून पाहणे तर धुळीला आमंत्रणच. पुराच्या पाण्यात बुडालेली डिस्क उन्हात वाळवू नये आणि चालूही करू नये. ओलीच पिशवीत बंद करून जाणकाराकडे पाठवावी, म्हणजे गाळ चकतीवर वाळून चिकटत नाही. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ व २०२१ अशा दोन्ही महापुरांत पाणी शिरले. क्षिप्रेकाठच्या ग्रंथालयांनी हे उदाहरण दूरचे मानू नये.

डिस्क अजून वाचता येत असेल, तर पहिले काम एकच : संपूर्ण चकतीची नक्कल दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरविणे आणि पुढचे सारे प्रयोग त्या नकलेवर करणे. यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ ही मुक्त आज्ञावली आहे. फाटकी पोथी उतरविणारा जाणता लेखक चिकटलेल्या पानाशी झगडत बसत नाही. तो आधी सुटी, धड पाने लिहून घेतो आणि अवघड पानांकडे मागाहून वळतो. ही आज्ञावली तसेच करते, आणि काय मिळाले, काय राहिले याचा नकाशा लिहून ठेवते. मध्ये वीज गेली तरी काम तेथूनच पुढे सुरू होते. शीर्षच मोडले असेल, तर मात्र निर्धूळ कक्ष असलेल्या प्रयोगशाळेवाचून गत्यंतर नाही, आणि तेथील खर्च लहान संस्थेला झेपेलच असे नाही.

प्रयोगशाळा कुठवर जाऊ शकते, याचा दाखला अंतराळातून मिळाला. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अवशेषांत झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची जळकी डिस्क सापडली. तिच्यातील सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळाली आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली छापले गेले. चकतीचा बराच भाग रिकामा होता, आणि खड्डे पडले ते नेमके त्या रिकाम्या भागात. त्याच यानातील दुसऱ्या डिस्का काही वाचल्या नाहीत.

नक्कल मिळाली तरी ग्रंथालयाची अडचण संपत नाही. डिस्कवरील अनुक्रमणिका नष्ट झाली असेल, तर ‘फोटोरेक’सारखी आज्ञावली प्रत्येक फाइलच्या आरंभीची खूण ओळखून पाने वेचते, पाने मिळतात, त्यांची नावे मिळत नाहीत. शिवाय १९९० च्या दशकात श्रीलिपी किंवा आकृती यांच्या टंकात केलेल्या जुन्या मराठी सूची सहीसलामत हाती आल्या, तरी तो टंक नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा दिसतो. म्हणून टंकाची फाइलही संग्रहाबरोबरच जतन करावी.

निनावी पानांच्या बाबतीत मदत येते ती जुन्याच व्यवस्थेकडून. मुखपृष्ठाच्या छायाचित्रात रबरी शिक्का आणि त्याखाली शाईने लिहिलेला दाखल क्रमांक दिसतो. कित्येक ग्रंथालयांत तोच शिक्का आतील एका ठरावीक, केवळ ग्रंथपालास ठाऊक असलेल्या पानावरही मारलेला असतो. तो क्रमांक हस्तलिखित दाखल नोंदवहीत पाहिला की ग्रंथाचे नाव, लेखक आणि खरेदीचे साल हाती लागते. मात्र ती नोंदवही संगणक आला म्हणून रद्दीत गेलेली नसावी.